दिवेलागणीला उघडा किल्ला

सुगंधाबाईच्या घरात तारेतून भूत आलं आणि ते कागदावर छापतं, असं चंद्रपुरात बिनबा गेटपासून जटपुऱ्यापर्यंत ज्यानं त्यानं सांगितलं. सांगणाऱ्यांतल्या निम्म्यांनी माझं घर पाहिलेलं नाही आणि उरलेल्यांना मी दारात उभं केलं नसतं. तरी प्रत्येकाच्या गोष्टीत मी किंचाळते, हातातला दिवा टाकते आणि देवघरात पळते. दिवा मी टाकलेला नाही. तेलाचा थेंब सांडलेला नाही. एवढं एक कागदावर यावं म्हणून हे लिहायला घेतलं. शिकले चौथीपर्यंतच, पण माझं अक्षर माझ्या मुलापेक्षा चांगलं आहे, हे त्याच्या मास्तरांनीही कबूल केलं होतं.

मुलगा म्हणजे प्रवीण. त्यानं दोन हजार पाचमध्ये घराच्या पुढच्या खोलीत सहा कॉम्प्युटर मांडून इंटरनेटचं दुकान काढलं. दुकान चालायला लागलं न लागलं तोच पुण्याच्या नोकरीनं त्याला उचललं आणि दुकान माझ्या गळ्यात पडलं. एक ते सहा नंबरचे कॉम्प्युटर गिऱ्हाइकांचे. कोपऱ्यात गणपतीच्या फोटोखाली आणखी एक उघडीबोडकी पेटी. तिला नंबर नाही. बाहेरून येणारी तार आधी तिच्यात शिरते, मग बाकीच्यांकडे जाते.

"आई, हा आपला परकोट," प्रवीण म्हणाला. "बाहेरून येणारं हरेक पुडकं इथी थांबते. कुठून आलं, कोणाकडे चाललं, कोणत्या खिडकीतून शिरून राह्यलं, हे पाहते. मी ओळी लिहून ठेवल्या आहेत. वरून खाली वाचते. जी ओळ पहिली लागू पडली तिचं ऐकते. खालच्या ओळींकडे ढुंकूनही पाहत नाई."

चंद्रपूरच्या बाईला परकोट शिकवायला निघाला. गावाच्या तटाला चार दरवाजे, पाच खिडक्या, त्यातली एक चोरखिडकी आणि एक मसाणखिडकी, हे मला त्याच्या जन्माआधीपासून पाठ आहे. आणि ओळींचं म्हणाल, तर मी त्याला म्हटलं, "म्हणजे तुझ्या बाबाचा नाका."

त्याचे बाबा, म्हणजे आमचे गुणवंतराव, जंगलखात्यात नाकेदार होते. एटापल्लीच्या रस्त्यावर आडवा बांबू, बाजूला झोपडी, झोपडीत कंदील. लाकडाची गाडी आली की पास मागायचा, पास असला तर बांबू वर, नसला तर गाडी मागे. खुद्द मोठ्या साहेबांच्या मेव्हण्याची गाडी त्यांनी परतवून लावली होती, त्यापायी तीन वर्षं बढती अडली. पंच्याण्णव साली दिवाळी करून ते ड्यूटीवर गेले. पाचव्या दिवशी दिवेलागणीला नाक्यावरचा कंदील पेटलेला होता, बांबू खाली होता, चुलीवर भात होता, माणूस नव्हता. कोणी म्हणालं वाघ. कोणी म्हणालं जंगलातल्या लोकांनी नेलं. आमच्या शेजारच्या रुखमाचं म्हणणं की सिरोंचाकडची कोणी तेलंगी बाई होती. रुखमाला मी त्यानंतर दोन वर्षं विरजण दिलं नाही.

मी एवढंच म्हणते की घरातून निघताना ते "येतो" म्हणाले होते, आणि ते शब्दाचे पक्के. त्यांची खाकी टोपी खुंटीवर आहे.

तर पेटी. रोज सकाळी तिच्यापुढे बसायचं, "किल्ला" एवढा शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा आणि एन्टर मारायचा, की प्रवीणनं लिहिलेल्या सगळ्या ओळी एकामागे एक चढतात. पेटीला हातात धरायचा उंदीर नाही, चित्र नाही, काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. अक्षरं मी रांगोळीसारखी शिकले. मोठा एफ म्हणजे दोनच दात उरलेली फणी. आडवी रेघ, मग फणी, म्हणजे सगळ्या ओळी पुसल्या. हे प्रवीणनं लिहून दिलेल्या वहीच्या शेवटच्या पानावर लाल शाईनं होतं: "काहीच चालेनासं झालं तरच." दोन ओळी. पहिलीनं पेटी सगळ्यांना 'या' म्हणते, दुसरीनं ओळी पुसल्या जातात. किल्ला सताड उघडा.

आता मी कोणत्या घरात वाढले ते सांगते. आमच्याकडे दिवेलागणीला पुढचं दार उघडं ठेवतात आणि मागचं लावून घेतात. लक्ष्मी पुढून येते. ज्या घराचं दार त्या वेळेला बंद, ते घर तिनं टाकलं. इथं तर प्रवीणनं माझ्या पुढच्याच खोलीत परकोट बांधून ठेवलेला! पहिल्याच संध्याकाळी मी दिवा लावला, मागच्या दाराला कडी घातली, पुढचं उघडलं आणि पेटीपुढे बसून लाल शाईच्या दोन ओळी टाइप केल्या. अर्ध्या तासानं "किल्ला". रोज. प्रवीणला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? देवापुढे दिवा लावला हे कोणी पुण्याला फोन करून कळवतं का?

वर्षभर काही झालं नाही. मग कार्तिकात एका सोमवारी, दुकान बंद असताना, किल्ला उघडून झाल्यावर मी दिवा घेऊन पुन्हा पुढच्या खोलीत आले आणि अंधारात प्रिंटर कर्र करून उठला.

तो पेटीलाच जोडलेला, जुना, सुया ठोकणारा. कागद एक बोट वर सरकला, एक ओळ ठोकली, थांबला. सहाही कॉम्प्युटरांवर चादरी. मी उभी राहिले. प्रिंटर श्वास घेतल्यासारखा एकदा हलला आणि कागदाचं उरलेलं कोरं पान बाहेर सोडलं. दिवा हातात होता. तेल सांडलं नाही, हे पुन्हा सांगते.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. तीच वेळ, तीच एक ओळ, बाकी कोरं.

समोरचे बाबूभाई रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतात. त्यांची मुलगी निशात कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. तिनं कागद उजेडात धरला.

"चाची, यात इंग्रजीत 'आणा' असं लिहिलं आहे. म्हणजे 'द्या' म्हणा. मग एक तिरपी रेघ."

"काय द्या?"

"ते नाई लिहिलं."

रुखमा तिथंच होती, ती नसते कुठं? तिनं तोंडाला पदर लावला. "मागून राह्यला तो, सुगंधाबाई. कोणाचं काय देणं राह्यलं असन, पाहा बाप्पा." आणि तिघींची नजर, माझीसुद्धा, खुंटीवरच्या टोपीकडे गेली. मला स्वतःचा फार राग आला.

मग सल्ले सुरू झाले. रुखमानं लिंबू-मिरची आणून मोडेमवर टांगली. लिंबू पिकलेलं होतं. त्याचा रस ठिबकून मोडेमच्या पोटात उतरला, हिरवा दिवा लाल झाला आणि मोडेमनं प्राण सोडला. नवा बसवला, प्रिंटर पुन्हा कर्र. बाबूभाई म्हणाले, "भाभी, भूतबूत कुछ नाई. अर्थिंग नाई आहे तुमच्याकडे." त्यांनी अंगणात तुळशीच्या मुळाशी खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला, तांब्याची पट्टी पुरली. आठवड्यात तुळस वाळली. प्रिंटर त्या दिवसापासून एकाऐवजी दोन ओळी ठोकायला लागला. बाबूभाई म्हणाले, "पाहा, आवाज साफ झाला."

शेवटी मीच पेटीपुढे बसले. वहीत पाहून "कोणालाही आत घेऊ नको" अशी एक ओळ टाइप केली. ती जाऊन सगळ्यांत खाली बसली. वरच्या ओळींनी ज्याला घ्यायचं त्याला आधीच घेतलेलं. खाली उभं राहून कोणी कितीही ओरडो, एकदा बांबू वर झाला की गाडी गेली. माझ्या घरात माझीच अशी गत व्हावी! नाक्यावरचा शिपाईसुद्धा एवढा अपमान सहन करणार नाही.

त्यात टेलिफोन ऑफिसचं पत्र आलं. पत्र गुणवंतरावांच्या नावानं. फोन त्यांच्या नावावर आहे, त्यांनी जायच्या आधी अर्ज केला होता आणि ते गेल्यावर चार वर्षांनी लागला. मी ऑफिसात गेले. साहेब तरुण होता, नाकावर चष्मा, टेबलावर पानाचा डबा.

"बाई, तुमच्या लायनीवरून रोज संध्याकाळी चार-चार हजार पत्रं परदेशात चालली आहेत."

"मी आयुष्यात चार पत्रं लिहिली, साहेब. चारही माहेरी."

"तुम्ही नाही. ग्राहक." त्यानं कागद उलटला. "गुणवंतराव."

मी खुर्चीची कड धरली. "काय लिहितात ते?"

साहेब पानाच्या डब्याकडे पाहून म्हणाला, "औषधाची जाहिरात आहे. म्हणजे... पुरुषांच्या ताकदीची."

अकरा वर्षं बेपत्ता असलेला माझा नवरा दिवेलागणीला चार हजार परक्या माणसांना हे कळवतो, आणि घरी एक ओळ नाही! मी म्हटलं, "ते गुणवंतराव नाहीत. त्यांचं अक्षर मी ओळखते."

"ते मशीन लिहितं बाई. तुमच्या मशीनमध्ये कोणी शिरून राह्यलं. आठ दिवसांत बंद करा, नाहीतर लायन कापतो. आणि खुलाशावर ग्राहकाची सही लागेल."

"ते घरी नाहीत."

"मग आल्यावर सही आणा."

"अकरा वर्षं झाली."

साहेबानं चष्मा वर केला. त्याला आता सोपं वाटलं. "अहो मग मृत्यूचा दाखला जोडा! लायन तुमच्या नावावर करून देतो. कोर्टातून मिळते आता, सात वर्षं उलटली ना."

"जातो म्हणून गेले असते तर आणला असता दाखला," मी म्हटलं आणि उठले.

प्रवीणला फोन केला. तो दमलेल्या आवाजात म्हणाला, "आई, बस झालं आता. लायन गेली तर दुकान गेलं. घराले कुलूप लाव आणि इकडे ये." पुण्याला मी एकदा गेलेली आहे. त्याच्या फ्लॅटचं दार ओढलं की आपोआप लागतं. दाराला डोळ्याएवढं भोक. आतून पाहायचं, ओळख पटली नाही तर श्वास धरून उभं राहायचं, माणूस निघून जाईस्तोवर. गुणवंतरावांना एकच दार माहीत आहे, बिनबा गेटजवळचं. त्याला कुलूप लावून मी पुण्याच्या भोकाला डोळा लावून बसू? लाइन टिकली पाहिजे, म्हणजे मी इथं टिकेन. इतकं ते साधं होतं.

निशातला बोलावलं. ती पेटीपुढे बसली, पडदा वर-खाली केला, मग माझ्याकडे वळली. "चाची, रोज पावणेसातच्या सुमाराला किल्ला कोणी उघडून राह्यलं? इथी लिहून येते सारं."

खोटं बोलायची मला सवय नाही. लक्ष्मीचं सांगितलं. तिनं डोक्याला हात लावला, पण हसली नाही, म्हणून ती मला आवडते.

"म्हणजे तो संध्याकाळीच येतो, तो यासाठी," मी म्हटलं.

"नाई चाची." तिनं एक आज्ञा टाइप केली. काळ्या पडद्यावर ओळी सरकायला लागल्या. एक सरकली, दुसरी आली, थांबेचनात. भर दुपार होती, बाहेर बर्फवाला ओरडत होता. "हे पाहा. ही हरेक ओळ म्हणजे कोणीतरी आत्ता आपली कडी हलवून पाहिली. कोण आहे, माहीत नाई. कुठून, चीन म्हणा, रशिया म्हणा. त्यांनाही माहीत नाई तुम्ही कोण. जगातलं हरेक दार हलवून पाहतात. जे उघडलं त्यात शिरतात. कोणी प्रिंटरलाच 'द्या' म्हणून पाहते, कोणी पत्रं पाठवते. ते सांजेला येत नाईत, चाची. ते दिवसभर उभेच असतात. तुम्ही सांजेला उघडता."

मी पदर खांद्यावरून घेतला. वर्षभर मी त्या खोलीत एकटी दुपारची झोप काढत होते.

निशातनं आत शिरलेलं ते पत्र-लिहिणारं शोधून काढून टाकलं, दीड दिवस गेला. मग किल्ल्याची फाइल उघडली, ओळी वाचू लागली आणि पहिल्याच ओळीवर अडली.

"प्रवीणभाईनं ही ओळ कशाले टाकली? सात नंबरचा कॉम्प्युटर घरातल्या तारेवरून आला तर काही न विचारता आत घ्या. तुमच्याकडे तर सहाच आहेत."

"सहाच."

"वर काही लिहिलंही आहे. अशी खूण केली की ती ओळ मशीन वाचत नाई, माणसासाठी असते." तिनं अक्षरं जुळवली आणि आवाज उतरला. "बाबांसाठी. आले तर."

बाबांना कॉम्प्युटर येत नव्हता. बाबांना साधा टेपरेकॉर्डर उलटा लागायचा. हाच मुलगा मला आठवड्याला फोन करून सांगतो की आई, आता मान्य कर. मी त्याला फोन लावला. "पहिली ओळ काढायची का, निशात विचारते."

तो म्हणाला, "असू दे, आई."

आठव्या दिवशी साहेब तपासायला आला, तोही दिवेलागणीलाच. पत्रं त्याच वेळेला जात होती ना! निशात, बाबूभाई, रुखमा, सगळे खोलीत. मी मागच्या दाराला कडी घातली, पुढचं सताड उघडलं आणि दिवा लावला. आता पेटी. माझी बोटं आपोआप उठली. वर्षभराची सवय, फणीच्या अक्षरावर जाऊन थांबली. मी हात मांडीखाली दाबून बसले. लक्ष्मीला मनात म्हटलं, बाई, लाकडी दार उघडं आहे, तारेतून यायची तुला गरज नाही.

प्रिंटर गप्प. साहेबानं घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मोडेमचा दिवा निवांत.

"पत्रं बंद आहेत," तो म्हणाला. मग त्याची नजर पडद्यावर गेली. ओळी सरकत होत्या. "आणि हे काय आहे?"

"हे बाहेर उभे आहेत," मी म्हटलं.

"कोण?"

"आम्हालाही माहीत नाही. दारं हलवून पाहतात. आता तुम्ही बसलात तेव्हापासून बासष्ट झाले. हे पाहा, त्रेसष्ट."

साहेबानं पाय हळूच खुर्चीच्या दांडीवर घेतले. त्याच्या मागे दार उघडं होतं, गल्लीतला दिवा गेलेला. रुखमा नको तेव्हा म्हणाली, "टोपी हलली का जी?" साहेबानं पेन काढलं.

"दोष दूर केला," तो लिहिता लिहिता म्हणाला. "सहीचं काय करू?"

"ते आले की देतील."

त्यानं टोपीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहायचं टाळलं आणि सहीच्या जागी इंग्रजीत लिहिलं. निशातनं मला वाचून दाखवलं: "ग्राहक तात्पुरते बाहेरगावी." खाली सरकारी शिक्का. अकरा वर्षांत एका तरी ऑफिसानं नीट चौकशी केली! तो कागद मी फ्रेम करून गणपतीशेजारी लावला. साहेब पानाचा डबा विसरून गेला, तो न्यायला आजवर आलेला नाही.

निशातनं जाताना एक आज्ञा शिकवली. ती टाइप केली की किल्ल्याच्या हरेक ओळीपुढे आकडा दिसतो, ती ओळ किती वेळा लागू पडली. सकाळी किल्ला चढवला की मोजणी शून्यापासून. दिवेलागणीला दिवा लावून मी पाहते. सगळ्यांत खाली, हाकललेले, हजारोंनी. सगळ्यांत वर, सात नंबर, शून्य. रोज शून्य. मार्गशीर्ष शून्यात गेला.

पौषातल्या दुसऱ्या सोमवारी, दुकान बंद, सहाही कॉम्प्युटरांवर चादरी, मी आज्ञा टाइप केली. खाली हजारो. वर, पहिल्या ओळीपुढे, एक.

बाबूभाई म्हणाले उंदरानं तार कुरतडली असेल. निशातनं सगळ्या तारा हातानं चाचपून पाहिल्या, एकही सुटी नव्हती, मग ओढणी डोक्यावर घेतली. प्रवीणला फोन केला. मला वाटलं, ओरडेल. तो म्हणाला, "किती वाजता?"

"मी सहा चाळीसला पाहिलं, त्याच्या आत."

"मी शनिवारी येतो," तो म्हणाला.

रुखमा विचारत होती, भूत असतं तर एकदाच काऊन? धिंगाणा घातला असता. तिला काय सांगायचं! ज्यानं अठरा वर्षं साहेबांच्या मेव्हण्यांकडून पास मागितला, तो स्वतः बिनापासाचा घुसेल? बांबू वर असला तरी एकदा आवाज देईल आणि बाहेरच उभा राहील, कोणी बोलावीस्तोवर.

म्हणून सगळ्यांना घरी पाठवलं. दिवा उचलला, उघड्या दारात गेले. गल्लीत अंधार, बिनबा गेटकडून गार वारा, समोर कोणी दिसत नव्हतं. मी म्हटलं, "या."

वारा थांबला. मागे खोलीत प्रिंटरनं एकदा श्वास घेतल्यासारखा आवाज केला. तेल सांडलं नाही.